खान्देशातलं दोन दिवसांचं नेतृत्व शिबिर: फी कुठे वसूल होते, कुठे वाया जाते

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जळगाव शहराबाहेरच्या एका मंगल कार्यालयात झालेल्या निवासी शिबिराचं हे परीक्षण. शनिवारी सकाळी नऊपासून रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत. फी माणशी ३,५०० रुपये, बचत गटाच्या महिलांना १,२००. राहणं, जेवणं, चहा आणि ६४ पानांची पुस्तिका त्यातच. संस्थेचं नाव मुद्दाम घेत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत याच साच्याची शिबिरं भरतात, गुण आणि दोषही बरेचसे तेच असतात, आणि वाचणाऱ्याच्या हातात जाहिरातीचा जो कागद पडेल तो कोणत्याही संस्थेचा असू शकतो.

आलेले ४६ जण. चटई, पाइप आणि डाळ मिलमधले सुपरवायझर, दूध सोसायटीचे सचिव, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक, ग्रामपंचायत सदस्य, बचत गटांच्या अध्यक्ष, दोन-तीन शिक्षक. जागा ३० जणांचीच, असं जाहिरातीत छापलं होतं. जादा १६ जणांनी काय बिघडवलं ते पुढे येईलच.

आधी निकाल सांगतो. शनिवारची दुपार आणि रविवारची सकाळ मिळून साधारण सात तास अतिशय मोलाचे आहेत. तेवढ्यासाठी ३,५०० रुपये जास्त नाहीत. उरलेला वेळ भाषणांचा, आणि तो कमी करता आला असता.

सगळ्यात चांगलं सत्र काम शिकवण्याचं. सुपरवायझर झालेला माणूस पहिल्याच आठवड्यात इथे अडतो. त्याला स्वतःला काम येतं, पण दुसऱ्याच्या हातात ते उतरवता येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या कामगारांना झटपट तयार करण्यासाठी चार पायऱ्यांची पद्धत बसवली गेली: माणसाला तयार करा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग पाठपुरावा ठेवा. शिबिरात ही पद्धत शिकवली ती एका सुती दोरीवर. पाच जणांना पुढे बोलावलं. पहिल्या फेरीत प्रशिक्षकाने त्यांच्याकडे पाठ करून गाठ कशी बांधायची ते नुसतं तोंडाने सांगितलं. पाचांपैकी एकालाही जमली नाही. दुसऱ्या फेरीत एक शब्द न बोलता बांधून दाखवली. एकाची जमली, पण कशी जमली ते त्यालाही सांगता येईना. तिसऱ्या फेरीत एकेक पायरी सावकाश, प्रत्येक पायरीला एक मुद्दा, आणि तो मुद्दा का महत्त्वाचा त्याचं कारण. चौघांना जमली.

पाचवा का अडला, त्यात या सत्राचं खरं सोनं होतं. तो प्रशिक्षकाच्या समोरासमोर उभा होता. समोरून पाहिलं की उजव्या हाताचं काम डाव्या बाजूला दिसतं आणि गाठ उलटी पडते. प्रशिक्षक त्याच्या बाजूला, खांद्याला खांदा लावून उभा राहिला आणि गाठ लगेच बसली. मशीनवर माणूस तयार करताना ही चूक रोज होते. शिकवणारा मशीनच्या पलीकडे उभा राहून ओरडत असतो आणि शिकणाऱ्याला सगळं आरशातल्यासारखं दिसत असतं.

त्याच सत्रातली दुसरी गोष्ट त्याहून मोठी. ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारायचाच नाही. त्याला उत्तर एकच मिळतं, हो. त्याऐवजी म्हणायचं, ‘आता तू करून दाखव, आणि करताना काय करतोयस ते मला सांगत जा.’ हात बरोबर चालतो पण तोंडाने कारण सांगता येत नाही, तेव्हा ओळखायचं की उद्या माल बदलला किंवा मशीन वेगळं आवाज करायला लागलं की हा माणूस अडणार. चौथी पायरी, म्हणजे पाठपुरावा, बहुतेक ठिकाणी गळते. पहिल्या दिवशी दर तासाला, दुसऱ्या दिवशी दोनदा, मग आठवड्यातून एकदा, इतकं ठरवून बघायला जायचं असतं. शिबिरात हे सांगितलं, पण वहीत उतरवून घेतलं नाही. ते करायला हवं होतं.

यानंतरचं सत्र चूक दाखवण्याचं. रीत तीन टप्प्यांची: प्रसंग कोणता, माणूस नेमकं काय वागला, त्याचा परिणाम काय झाला. ‘तुम्ही नेहमीच उशिरा येता’ हे वाक्य यात बसत नाही, कारण ‘नेहमीच’ म्हटलं की समोरचा वेळेवर आलेले दिवस मोजून दाखवतो आणि मूळ विषय तिथेच बुडतो. बसणारं वाक्य असं: ‘काल आणि परवा दुसरी पाळी चारला सुरू झाली, तुम्ही सव्वाचारला आलात, तेवढा वेळ पहिल्या पाळीचा माणूस दोन मशीन बघत होता.’ पाइपच्या कारखान्यात या पंधरा मिनिटांची किंमत सगळे जाणतात. लक्ष द्यायला माणूस नसताना एक्स्ट्रूडर, म्हणजे प्लास्टिक वितळवून पाइप काढणारं मशीन, थांबला आणि पीव्हीसी गरम बॅरलमध्ये पडून राहिलं, तर ते जळतं. मग काळा माल येतो आणि बॅरल साफ करण्यात वेळ जातो. परिणाम असा डोळ्यासमोर उभा करता आला तर आवाज चढवावा लागत नाही. बोलून झालं की सुपरवायझरने दहा सेकंद गप्प राहायचं. हे ऐकायला सोपं आहे, पण सरावात बहुतेकांनी तिसऱ्या सेकंदालाच तोंड उघडलं आणि समोरच्याचं उत्तरही स्वतःच देऊन टाकलं.

सरावासाठी तिघांचे गट होते. एक बोलणारा, एक ऐकणारा, एक निरीक्षक. चार मिनिटं बोलणं, तीन मिनिटं निरीक्षकाने काय दिसलं ते सांगणं, मग जागा बदल. तिघांच्या तीन फेऱ्या मिळून २१ मिनिटं. ४६ जणांचे पंधरा गट झाले, उरलेला एकजण एका गटात चौथा म्हणून बसवला, म्हणजे त्याची पाळीच आली नाही. पंधरा गट एका हॉलमध्ये एकाच वेळी बोलायला लागले की मंगल कार्यालयात आवाज घुमतो. शेजारच्या गटातलं ऐकू येतं, आपल्यातलं नाही. बघायला प्रशिक्षक दोनच. या प्रकारच्या सरावात दहा-बारा माणसांमागे एक जाणता डोळा लागतो, नाहीतर चुकीचीच सवय घोटली जाते. एका गटात तर तिन्ही फेऱ्यांत ‘नेहमीच’ हा शब्द आला आणि निरीक्षकाने तिन्ही वेळा ‘छान’ म्हटलं. जादा घेतलेल्या १६ जणांची किंमत ही अशी मोजावी लागली.

आणखी एक अडचण भाषेची होती, ती सुटली तेव्हा शिबिराचा नूरच पालटला. समोर ठेवलेला प्रसंग आपल्याकडचाच: सुपरवायझर २८ वर्षांचा, डिप्लोमा झालेला. ऑपरेटर ५५ वर्षांचा, त्याच गावचा, भावकीतला, ज्याला तो लहानपणापासून आप्पा म्हणतो. पुस्तिकेतलं नमुना वाक्य होतं, ‘आपल्या कामगिरीत सुधारणा अपेक्षित आहे.’ असं वाक्य आप्पांना कोण म्हणेल? म्हटलं तर आप्पा एकतर हसतील, नाहीतर संध्याकाळी घरी येऊन त्याच्या वडिलांना विचारतील. दुसऱ्या प्रशिक्षक ताई धुळ्याकडच्या. त्यांनी पुस्तिका बाजूला ठेवायला लावली आणि म्हणाल्या, घरी बोलता तसं बोला. त्यावर एकाने सुरुवात केली, ‘आप्पा, काल उशीर काबर व्हयना?’ म्हणजे, का झाला? आवाजात मान होता आणि प्रश्न मात्र सरळ होता. समोर आप्पा झालेल्या माणसानेही मग खरं कारण सांगितलं: कापसाची वेचणी चालू आहे आणि मजुरांना शेतावर सोडून यायला दुसरं कोणी नाही. यातून पुढचं बोलणं निघालं, पाळी बदलून देता येईल का. प्रमाण मराठीत झालेल्या आधीच्या दोन फेऱ्यांत हे कारण बाहेरच आलं नव्हतं. ज्या बोलीत आपल्याकडे भांडण होतं आणि मिटतं, त्या बोलीतच हा सराव व्हायला हवा. अहिराणी असो, तावडी असो, लेवा बोली असो. खान्देशात शिबिर घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने एवढी एक गोष्ट जरी पाळली तरी पुष्कळ फरक पडेल.

सभा चालवण्याचं सत्र निम्मं उत्तम, निम्मं कच्चं. उत्तम भाग इतिवृत्ताचा. सगळ्यांना एका दूध सोसायटीच्या सभेच्या इतिवृत्ताचं पान वाटलं आणि एकच प्रश्न विचारला: हे वाचून सोमवारी सकाळी कोण काय करायला उठेल? पानावर ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली व पुढील कार्यवाही करण्याचे ठरले’ असं चार वेळा आलं होतं. उठणारं कोणीच नव्हतं. मग तेच ठराव पुन्हा लिहून घेतले: काम कोणतं, करणार कोण, कोणत्या तारखेपर्यंत, किती रकमेपर्यंत. चौथी गोष्ट लोक विसरतात, आणि रक्कम लिहिली नाही की सचिवाला प्रत्येक खरेदीला पुन्हा अध्यक्षांच्या दारात जावं लागतं.

विषयपत्रिकेचा क्रमही नीट शिकवला. सगळ्यात अवघड विषय शेवटी ठेवायचा नाही. दूध काढायची वेळ झाली की निम्मी सभा उठते आणि अवघड विषय उरलेल्या सहा माणसांत मंजूर होतो. तो विषय कायम वादात राहतो. दोन सोपे विषय आधी, तिसऱ्या जागी अवघड, आणि प्रत्येक विषयापुढे मिनिटं लिहिलेली.

कच्चा भाग पुस्तिकेतल्या ग्रामसभेच्या पानावर आहे. तिथे गणपूर्ती ‘मतदारांच्या दहा टक्के’ छापली आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ प्रमाणे ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. ६०० मतदारांच्या गावात ९० माणसं हवीत. १,८०० मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे २७० होतात, पण तिथे १०० पुरेत. पुस्तिका मानली तर लहान गावातली सभा ६० जणांवर सुरू होईल आणि हरकत घेणाऱ्याला आयतं कारण मिळेल. वर्षातून किमान चार ग्रामसभा, सात दिवस आधी नोटीस, आणि नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा, या तिन्ही गोष्टी त्या पानावर नाहीत. नंदुरबारकडून आलेल्यांसाठी तर ते पान निरुपयोगीच. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा हा पेसाचा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याचा प्रदेश. तिथल्या ग्रामसभेला २०१४ चे वेगळे नियम लागू आहेत आणि अध्यक्ष कोण, सभा कुठल्या पातळीवर, इथपासून फरक सुरू होतो. कायद्याचं पान छापण्याआधी एखाद्या अनुभवी ग्रामसेवकाला दाखवलं असतं तर अर्ध्या तासात दुरुस्त झालं असतं.

शिबिराची वेळ मात्र विचारपूर्वक निवडली होती, याचं श्रेय द्यायला हवं. २६ जानेवारीची ग्रामसभा दोन आठवड्यांवर, म्हणजे शिकलेलं लगेच वापरायला मिळतं. केळीच्या कांदेबागेची लागवड आटोपलेली, पावसाळ्यातल्या मृगबागेला अवकाश. हेच शिबिर जूनमध्ये पेरणीत ठेवलं तर शेतकरी कंपन्यांचा एकही संचालक येणार नाही, आणि मे महिन्यात त्या हॉलमध्ये दुपारी कुणाला बसवणार?

रविवार सकाळचं महिलांचं सत्र फक्त महिलांसाठी होतं, पण ते सगळ्यांसाठी ठेवायला हवं. महाराष्ट्रात पंचायतींत २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत. तरी सरपंच ताईंच्या खुर्चीशेजारी त्यांचे पती बसतात आणि अधिकारी प्रश्न त्यांनाच विचारतात. यावर प्रशिक्षक ताईंनी भाषण दिलं नाही. टेबल-खुर्च्या मांडून प्रसंग उभा केला आणि तीन गोष्टी पाचपाच वेळा करून घेतल्या. पहिली, टेबलाच्या मधल्या खुर्चीवर बसायचं, आणि कोणी वडीलधारं आलं तरी नमस्कार बसूनच करायचा. घरी उठून पाया पडता येतं, सभेत त्या खुर्चीला वय नसतं. दुसरी, प्रश्न पतीकडे वळला की तोच प्रश्न मोठ्याने पुन्हा म्हणायचा आणि उत्तर स्वतः द्यायचं. ‘पाइपलाइनचं बिल कधी निघणार, असं विचारताय ना साहेब? सांगते.’ राग नाही, टोमणा नाही, पण सभेचं तोंड परत आपल्याकडे वळतं. तिसरी, कागद मोठ्याने वाचल्याशिवाय सही नाही. स्वतःला वाचायला अडचण असेल तर सभेतल्या शाळकरी मुलीकडून वाचून घ्यायचा, पण वाचला गेलाच पाहिजे. पहिल्या वेळी ज्यांचा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंत जात नव्हता, त्यांचा पाचव्या वेळी मागच्या भिंतीपर्यंत गेला. दोन दिवसांत डोळ्यांना दिसेल असा एवढा बदल दुसऱ्या कोणत्याच सत्रात झाला नाही.

बचत गटाच्या भागात पंचसूत्री, म्हणजे नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब, ही सगळ्यांना पाठच होती. ती पुन्हा सांगण्यात चाळीस मिनिटं गेली. त्याऐवजी गटांचं खरं दुखणं घ्यायला हवं होतं: दहा ते वीस जणींच्या गटात वही लिहिता येणारी एकच असते, वर्षानुवर्षं तीच सचिव राहते, आणि ती माहेरी गेली की हिशोब थांबतो. उपाय अवघड नाही. दर महिन्याला सचिवाशेजारी एक नवी बाई बसवायची, तिने फक्त बचतीचा रकाना भरायचा, पुढच्या महिन्यात कर्जाचा. दोरीच्या सत्रातल्या चार पायऱ्या इथे जशाच्या तशा लागू पडतात, आणि शिबिराने हा सांधा जोडून दाखवला नाही याची हळहळ वाटते.

आता भाषणं. शनिवारी सकाळी दोन तास ‘नेता जन्मतो की घडतो’, आणि रविवारी जेवणानंतर दीड तास प्रेरणा. उदाहरणं क्रिकेटच्या कर्णधारांची आणि परदेशी कंपन्यांच्या मालकांची. जेवण झकास होतं, भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा, पण त्यावर अंधारलेल्या हॉलमध्ये स्लाइड दाखवल्या तर माणूस पेंगणारच. खान्देशात उदाहरणांना तोटा आहे का? पांझरा नदीच्या काठची फड पद्धत घ्या. बंधाऱ्याचं पाणी शेकडो वर्षं गावांनी स्वतः वाटलं. पंच निर्णय घेणारे, पाटकरी पाणी सोडणारा, जागल्या राखण करणारा, आणि एका फडात, म्हणजे शेतांच्या एका पट्ट्यात, सगळ्यांचं पीक एकच, म्हणजे कुणाचं पाणी जास्त, कुणाचं कमी हा वाद मुळातच आटतो. अधिकार वाटून देणं म्हणजे काय, हे यापेक्षा चांगलं कोणती स्लाइड दाखवेल? साक्री तालुक्यातलं बारीपाडा घ्या. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी ४०० हेक्टरांहून जास्त जंगल राखलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथलं शिकण्यासारखं हे की नियम गावाने बसून केले, आणि ते सगळ्यांना सारखे लागू झाले. हॉलपासून काही तासांच्या वाटेवर हे सगळं असताना शिबिरार्थींना अनोळखी कंपन्यांच्या गोष्टी ऐकाव्या लागल्या.

पाठपुरावा हा शेवटचा आणि सगळ्यात मोठा उणा भाग. जाहिरातीत ‘३० दिवसांनी प्रत्यक्ष भेट’ लिहिलं होतं. भेटीऐवजी व्हॉट्सॲपचा गट झाला, त्यावर सुप्रभात आणि वाढदिवस चालू आहेत. एवढ्या माणसांना भेटणं एका संस्थेला झेपत नसेल तर तसं आधीच सांगावं. निदान एक कागद तरी द्यावा: पुढच्या महिन्यात कोणत्या एका माणसाला कोणतं एक काम चार पायऱ्यांनी शिकवणार, कोणत्या सभेचं इतिवृत्त नव्या पद्धतीने लिहिणार, आणि तिसाव्या दिवशी कुणाला फोन करून सांगणार. तो कागद शिबिरातच भरून, खाली सही करून न्यायचा.

पुढच्या तुकडीत नाव घालण्याआधी फोनवर विचारायचे प्रश्न यातूनच निघतात. एकूण किती माणसं घेणार आणि प्रशिक्षक किती? प्रत्येकाला उभं राहून स्वतः करायला किती मिनिटं मिळतात? उत्तर अर्ध्या तासाच्या आत असेल तर ते शिबिर नाही, व्याख्यान आहे, आणि त्याला ३,५०० जास्त होतात. सराव कोणत्या बोलीत? महिनाभराने कोण, कसं विचारणार? ‘सर येतील आणि मार्गदर्शन करतील’ असं मोघम उत्तर आलं तर पैसे राखून ठेवा.

डाळ मिलच्या, चटईच्या मालकांनी, सोसायटीच्या अध्यक्षांनी पाठवायचंच ठरवलं तर एका ठिकाणाहून दोघांना पाठवावं. सोमवारी परत आलेला एकटा माणूस ‘करून दाखव आणि सांगत जा’ म्हणायला लागला की बाकीचे त्याला ‘शिबिरवाले’ म्हणून चिडवतात आणि आठवड्याभरात तो जुन्या वळणावर जातो. दोघं असले की एकाने म्हटलेलं दुसरा उचलून धरतो. या संस्थेत दुसऱ्या माणसाला फीमध्ये ५०० रुपयांची सूट आहे, पण ती मागितल्याशिवाय सांगत नाहीत.